घरगुती सर्किट बोर्डाचा मास्क पुरेसा काळा होत नसेल तर

ड्राय फिल्म, म्हणजे प्रकाश पडलेल्या जागी कडक होणारा पातळ थर, तांब्यावर लावून घरी सर्किट बोर्ड करणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षे तीच आहे. कडक न झालेली फिल्म धुऊन काढणाऱ्या डेव्हलपरमध्ये बोर्ड टाकल्यावर ट्रॅक नीट उमटतात, पण दोन ट्रॅकच्या मध्ये, जिथे तांबे स्वच्छ उघडे पडायला हवे, तिथे दुधावरच्या सायीसारखा निळसर पातळ थर राहतो. तो घासून काढायला जावे तर बारीक ट्रॅकही त्याच्याबरोबर निघतात, आणि तसाच ठेवून बोर्ड तांबे विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये टाकावा तर कितीही हलवले तरी तांबे ठिपक्याठिपक्यांनी शिल्लक राहते. पुढच्या खेपेला प्रकाश कमी वेळ दिला जातो. आता साय राहत नाही, पण ट्रॅकच धुऊन जातात. तिसऱ्या खेपेला वेळ पुन्हा वाढवला जातो आणि साय परत येते.

मी भुसावळला घरच्या घरी असे बोर्ड करतो. शेतातल्या मोटारीचे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला तर मोटार बंद करणारे सर्किट), टाकीच्या पाण्याची पातळी दाखवणारी सर्किटे, कूलरच्या पंपाचे टायमर अशी ही कामे असतात, आणि डिप्लोमाची मुले प्रोजेक्टच्या दिवसांत बोर्ड घेऊन येतात ती वेगळीच. बहुतेक वेळा त्यांच्या वहीत सेकंदांची लांबलचक यादी असते: ६०, ७५, ९०, १००, ८०. या यादीत चूक नाही, पण ती चुकीच्या ठिकाणी शोध घेते. मास्कच्या, म्हणजे ट्रॅकचे चित्र छापून फिल्मवर ठेवायच्या शीटच्या, पारदर्शक भागातून जाणारा प्रकाश आणि काळ्या भागातून झिरपणारा प्रकाश यांत पुरेसा फरकच नसेल, तर वेळ कितीही बदलली तरी दोन्हींचे प्रमाण तेच राहते. म्हणून आधी मास्क काळा करावा आणि वेळ त्यानंतर ठरवावी.

दोष मास्कचाच आहे का, हे आधी ठरवा

मास्कवर आरोप करण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. कॉपर क्लॅडचा, म्हणजे तांब्याचा थर असलेल्या कोऱ्या बोर्डाचा, एक लहान तुकडा घेऊन त्यावर नेहमीसारखी ड्राय फिल्म चिकटवावी. तुकड्याच्या एका भागावर दहा रुपयांचे नाणे ठेवावे, दुसऱ्या भागावर मास्कचा पूर्ण काळा तुकडा ठेवावा आणि तिसरा भाग शीटच्या पारदर्शक भागाखाली येऊ द्यावा. नेहमीचा वेळ प्रकाश द्यावा, ड्राय फिल्मवरचे पातळ संरक्षक आवरण आठवणीने काढावे आणि तुकडा डेव्हलपरमध्ये टाकावा. नाण्यातून प्रकाश अजिबात जात नाही, त्यामुळे नाण्याखालची जागा म्हणजे परिपूर्ण मास्क मिळाला तर काय होईल याचे उत्तर असते.

नाण्याखालचे तांबे लखलखीत निघाले आणि काळ्या तुकड्याखाली साय राहिली, तर दोष निःसंशय मास्कचा आहे. दोन्हीकडे साय असेल, तर मूळ दोष मास्कचा नाही आणि तो गडद करण्यात घालवलेला दिवस वाया जाईल. खानदेशात ही दुसरी शक्यता गंभीरपणे घ्यावी लागते. ड्राय फिल्म थंड जागी, साधारण २० अंशांच्या खाली ठेवायची असते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत दोन महिने पडून राहिलेली फिल्म डेव्हलपरमध्ये नीट विरघळेनाशी होते. ती गुंडाळी काळ्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावी, आणि वापरण्याआधी पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, म्हणजे तिच्यावर दव धरत नाही. फिल्म लावण्याचे काम उघड्या ट्यूबलाइटखाली करू नये, पिवळा दिवा पुरतो.

डेव्हलपरही तपासावा. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम सोडियम कार्बोनेट हे नेहमीचे प्रमाण आहे, पण ते कोरड्या भुकटीचे आहे. धुण्याच्या सोड्याचे पारदर्शक खडे घेतले तर त्यांच्या वजनातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग पाणीच असतो, म्हणून खडे सुमारे २७ ग्रॅम लागतात. आमच्या बोअरच्या जड पाण्यात हा सोडा टाकला की पाणी दुधाळ होते, कारण सोड्याचा काही भाग पाण्यातल्या चुन्याबरोबर खाली बसतो आणि डेव्हलपर तेवढा कमजोर पडतो. त्यासाठी आरओच्या जारचे पाणी वापरावे. पाणी ३० अंशांच्या आसपास असावे. गच्चीवरच्या टाकीचे उन्हाळ्यातले पाणी थेट घेतले तर चांगले कडक झालेले ट्रॅकही सुटतात, आणि मग प्रकाश कमी पडला असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

तिसरी शक्यता अशी की नाण्याखाली आणि मोठ्या काळ्या भागाखाली दोन्हीकडे तांबे स्वच्छ आहे, पण अगदी जवळच्या दोन ट्रॅकमधली फट तेवढी भरून येते. हा गडदपणाचा दोष नसून मास्क बोर्डाला टेकत नसल्याचा आहे. टोनरची, म्हणजे लेझर प्रिंटरच्या काळ्या भुकटीची, बाजू बोर्डाकडे यावी म्हणून प्रिंट आरशातल्यासारखी उलटी काढायची असते. ती सरळ निघाली तर टोनर आणि फिल्म यांच्यामध्ये शीटची जाडी, म्हणजे सुमारे ०.१ मिमी, अंतर राहते आणि प्रकाश तिरका आत शिरतो.

काळे दिसणे आणि काळे असणे

जिच्यावर मास्क छापतात ती ओएचपी शीट (ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक शीट) पांढऱ्या कागदावर ठेवली तर टोनर काळाभोर दिसतो. हे फसवे आहे, कारण त्या वेळी प्रकाश टोनरमधून जाऊन कागदावरून परत येतो, म्हणजे त्यातून दोनदा जातो. तीच शीट मोबाइलच्या टॉर्चसमोर धरली की तपकिरी झाक, आडव्या फिकट पट्ट्या आणि चांदण्यांसारखी सूक्ष्म छिद्रे दिसू लागतात.

याहून चांगली परीक्षा ज्या अतिनील दिव्याखाली काम करायचे त्याच दिव्याखाली होते. साधा पांढरा ए-४ कागद अतिनील प्रकाशात निळसर चमकतो, कारण त्यात तो अधिक पांढरा दिसावा म्हणून चमक आणणारे द्रव्य घातलेले असते. अंधाऱ्या खोलीत हा कागद दिव्याखाली ठेवून त्याच्या किंचित वर मास्क धरावा. मास्कच्या कडा काळ्या कार्डाने झाकून घ्याव्यात आणि मास्क पटकन बाजूला करून पुन्हा ठेवत दोन्ही स्थितींतला फरक पाहावा. तिरक्या नजरेने पाहिल्यास काळ्या भागाखाली कागद चमकतो आहे का, हे कळते. डोळ्यांनी काळे दिसणारे पण अतिनील प्रकाशाला वाट देणारे रंग असतात, ते इथेच उघडे पडतात. दिव्याकडे थेट मात्र पाहू नये.

आकड्यांत सांगायचे तर मास्कची प्रकाशीय घनता १ असेल तर दहातला एक भाग प्रकाश पलीकडे जातो, २ असेल तर शंभरातला एक आणि ३ असेल तर हजारातला एक. ड्राय फिल्म पूर्ण कडक व्हायला जेवढा प्रकाश लागतो, त्याच्या काही अंशानेही तिची साय तांब्याला धरून बसते, आणि म्हणूनच दहातला एक भाग झिरपला तरी वेळेला फारशी मोकळीक उरत नाही. घनता २ च्या पुढे गेली की काम सुखाचे होते.

हे मोजायला यंत्र लागत नाही. एका पट्टीवर अर्धी रुंदी काळ्या मास्कखाली आणि अर्धी पारदर्शक शीटखाली ठेवून वर पुठ्ठा झाकावा, आणि ठरावीक सेकंदांनी तो थोडा थोडा मागे ओढत जावा. डेव्हलप केल्यावर दोन आकडे मिळतात: पारदर्शक भाग किती सेकंदांना टिकला, आणि काळ्या भागाखाली साय किती सेकंदांना सुरू झाली. माझ्या प्रकाश देण्याच्या पेटीत एका शीटने हे आकडे ९० आणि १२० आले होते, म्हणजे चुकायला जेमतेम ३० सेकंदांची जागा. संध्याकाळी आजूबाजूच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते, चोकवरच्या ट्यूबचा उजेड घटतो आणि तेवढीही जागा उरत नाही. तीच शीट दुहेरी केल्यावर १० मिनिटे प्रकाश देऊनही साय आली नाही.

लेझर प्रिंटर मोठा काळा भाग का फिका छापतो

ड्राय फिल्म निगेटिव्ह असते. ज्यावर प्रकाश पडतो तो भाग टिकतो. त्यामुळे मास्कवर ट्रॅक पारदर्शक आणि बाकी सगळी पार्श्वभूमी काळी असावी लागते, आणि सलग मोठा काळा भाग छापणे हेच लेझर प्रिंटरचे सर्वांत दुबळे काम आहे. ड्रमवर जिथे विद्युतभार एकदम बदलतो, म्हणजे आकृतीच्या कडेला, तिथे विद्युतक्षेत्र तीव्र असते आणि टोनर तिकडे अधिक ओढला जातो. सलग भागाच्या मध्यावर ते क्षेत्र कमी पडते. झेरॉक्सची पद्धत शोधणाऱ्या चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी या तत्त्वावर पहिली प्रत काढली. पुढे बाजारात आलेल्या सुरुवातीच्या यंत्रांतही मोठ्या काळ्या भागाचा मध्य पोकळ उमटत असे. आजच्या यंत्रांत हे पुष्कळ सुधारले असले तरी रिफिल केलेले कार्ट्रिज आणि झिजलेला ड्रम यांच्या संगतीने तोच दोष पुन्हा डोके वर काढतो.

यावरचा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय प्रिंटरपाशी नाही, तर रेखांकनात आहे, आणि त्याला पैसाही लागत नाही. कीकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मोकळ्या जागेत कॉपर पोअर, म्हणजे तांब्याचा सलग भाग, भरून तो ग्राउंडला जोडावा. मग बोर्डावर बहुतेक सगळीकडे तांबे राहायचे असते, म्हणून मास्कचा बहुतेक भाग पारदर्शक होतो आणि काळ्या राहतात त्या फक्त ट्रॅकभोवतीच्या फटी. अर्धा मिलिमीटर रुंदीची काळी रेघ म्हणजे जवळजवळ सगळी कडाच, आणि कडा छापण्यात लेझर प्रिंटर तरबेज असतो. सलग पार्श्वभूमीत भुरकट उमटणारे तेच कार्ट्रिज या रेघा ठळक काढते. शिवाय विरघळवायचे तांबे कमी झाल्याने फेरिक क्लोराइडही जास्त बोर्डांना पुरते. मोटारीच्या स्टार्टरसारख्या २३० किंवा ४१५ व्होल्टच्या सर्किटात मात्र पोअर सरसकट भरू नये. मेन्सच्या ट्रॅकभोवती सुरक्षित अंतर मोकळे सोडावे, आणि ते अंतर मास्क सोपा व्हावा म्हणून कधीही कमी करू नये.

फाइल आणि छपाई

काळा रंग पूर्ण काळाच आहे ना, हे आधी पाहावे. गडद करड्या रंगाची रेघ पडद्यावर काळीच दिसते, पण प्रिंटर ती ठिपक्यांच्या जाळीने छापतो आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी एक छिद्र राहते. प्लॉट काढताना कृष्णधवल पर्याय निवडावा आणि फाइल पीडीएफमध्ये ठेवावी. पुष्कळ मुले बोर्डाचे चित्र व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून दुकानात पाठवतात. त्यात चित्र दाबले जाऊन कडा करड्या होतात आणि मापही बदलते. पाठवायचेच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, किंवा पेनड्राइव्ह घेऊन जावे, आणि छापताना पानात बसवण्याचा पर्याय बंद करून आकार १०० टक्के ठेवायला सांगावे.

प्रिंटरमध्ये टोनर वाचवण्याची सोय बंद करावी, डेन्सिटी सर्वाधिक करावी आणि कागदाचा प्रकार ट्रान्सपरन्सी निवडावा. तो पर्याय नसेल तर जाड कागद निवडावा, कारण तेव्हा बहुतेक यंत्रे शीट सावकाश नेतात आणि टोनर अधिक नीट वितळतो. दुकानदार गर्दीच्या वेळी सेटिंग बदलायला नाखूश असतो, यात त्याची चूक नाही. दुपारी निवांत वेळी जाऊन, काम समजावून सांगून, दोन प्रती जास्त घेतल्या तर तो आनंदाने करून देतो, असा माझा अनुभव आहे.

शीटबद्दल एक इशारा कळकळीने द्यायचा आहे. डिजिटल प्रोजेक्टर आल्यापासून खरी ओएचपी शीट दुकानांतून दिसेनाशी झाली आहे आणि तिच्या जागी स्पायरल बाइंडिंगचे पारदर्शक कव्हर हातात दिले जाते. ते बहुधा पीव्हीसीचे असते आणि ८० अंशांच्या आसपास मऊ पडते. प्रिंटरमधला टोनर वितळवणारा भाग, म्हणजे फ्यूजर, १८० ते २०० अंशांवर चालतो. असे कव्हर त्यात गेले की गुंडाळून चिकटते आणि दुसऱ्याचे यंत्र बंद पडते. लेझरसाठीची शीट पॉलिएस्टरची असते आणि ती २५० अंशांच्या पुढेच वितळते. पाकिटावर लेझर किंवा कॉपिअर असे लिहिलेले नसेल तर शीट प्रिंटरमध्ये घालू नये.

दोन शीट एकावर एक

वरचे सगळे करूनही पार्श्वभूमी सलग काळी ठेवणे भागच असेल, तर दुहेरी मास्क हा खात्रीचा मार्ग आहे. एक शीट दहातला एक भाग प्रकाश सोडत असेल तर दोन शीट शंभरातला एक भाग सोडतात, आणि एका शीटमधले छिद्र दुसऱ्या शीटमधल्या छिद्रासमोर नेमके येण्याची शक्यता फार थोडी असते. दोन्ही प्रती एकाच यंत्रातून, एकाच दिशेने घातलेल्या शीटवर काढाव्यात, कारण फ्यूजरच्या उष्णतेने शीट किंचित आकसते आणि लांबीकडे व रुंदीकडे ते आकसणे सारखे नसते. पहिली प्रत एका यंत्रावर आणि दुसरी भलत्याच यंत्रावर काढली तर एका कोपऱ्यात जुळते आणि समोरच्या कोपऱ्यात अर्धा पॅड (सुटे भाग डाख देऊन जोडायची तांब्याची टिकली) सरकतो.

रेखांकनाच्या बाहेर तीन कोपऱ्यांत अधिक चिन्हाची (+) खूण छापून घ्यावी. खिडकीच्या काचेवर खालची शीट चिकटवून, वरची भिंगाखाली त्या खुणांवर बसवावी आणि एकाच बाजूला सेलोटेप लावावा, म्हणजे दोन्ही पुस्तकाच्या पानांसारख्या उघडतात आणि मधली धूळ पुसता येते. दोन्हींची टोनरची बाजू खाली, बोर्डाकडे ठेवावी, त्यामुळे निदान खालचा टोनर बोर्डाला टेकतो आणि कड तोच ठरवतो. आणखी काळजी घ्यायची असेल तर वरच्या प्रतीत ट्रॅक आणि पॅड सगळीकडून ०.१ मिमी रुंद करून छापावेत, म्हणजे बसवताना झालेली बारीक चूक ट्रॅकवर सावली पाडत नाही. पारदर्शक शीट दोन झाल्याने वेळ थोडी वाढते, म्हणून पट्टीची चाचणी पुन्हा करावी.

अॅसिटोनच्या वाफेचा उपाय

टोनर म्हणजे काजळी मिसळलेले बारीक प्लॅस्टिक. अॅसिटोनच्या वाफेने ते प्लॅस्टिक मऊ होते, कण एकमेकांत पसरतात आणि मधल्या फटी बुजतात. पॉलिएस्टर शीटला त्याने काही होत नाही. पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात तळाशी चहाच्या चमचाभर अॅसिटोनने भिजवलेला टिश्यू कागद ठेवावा, वर जाळी ठेवावी, शीट टोनर खाली करून जाळीच्या वर अधांतरी राहील अशी टेकवावी आणि झाकण लावावे. तीन मिनिटांनी पाहावे आणि पुढे दर मिनिटाला पाहत राहावे. भुरकट टोनर एकसारखा काळा दिसू लागला की लगेच काढावे, कारण जास्त वेळ ठेवल्यास कडा ओघळून बारीक ट्रॅक बुजतात. शीट सपाट ठेवून पूर्ण वाळू द्यावी, ओलसर टोनर बोर्डाला चिकटतो. नखांचे पॉलिश काढायच्या द्रवात तेल असू शकते, तो घेऊ नये.

या उपायाची मर्यादा समजून घेतली पाहिजे. वाफेने काजळी वाढत नाही, असलेली फक्त नीट पसरते. टोनर मुळातच विरळ पडला असेल तर छिद्रे बुजतात पण एकूण रंग तपकिरीच राहतो, आणि तिथे दुसरी शीटच लागते. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. अॅसिटोनची वाफ उणे २० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, आणि आमच्या उन्हाळ्यात ती क्षणात तयार होते. हे काम सकाळी गच्चीवर सावलीत करावे, स्वयंपाकघराजवळ किंवा चालू कूलरजवळ करू नये, आणि मुलांना एकट्याने करू देऊ नये.

बाकीचे पर्याय थोडक्यात

बटर पेपर स्वस्त असतो आणि त्यावर टोनर शीटपेक्षा घट्ट बसतो, पण तो प्रकाश विखुरतो, म्हणून बारीक कामाला चालत नाही आणि वेळ जास्त लागते. पावसाळ्यात तो ओलावा धरतो आणि छपाई फिकी पडते, त्यामुळे छापण्याआधी कोरड्या कपड्यावरून इस्त्रीची हलकी ऊब द्यावी. इंकजेटवर काढायचे असेल तर त्यासाठीची लेप असलेली शीट आणि पिगमेंटची काळी शाई हवी. डाय प्रकारची काळी शाई अतिनील प्रकाशाला वाट देऊ शकते, म्हणून चमकणाऱ्या कागदाची परीक्षा आधी घ्यावी. मार्करने छिद्रे बुजवताना रेघ शीटच्या मागच्या बाजूने ओढावी, कारण टोनरवर ओढली तर मार्करचा द्रव टोनर उचलतो. मार्करची शाईही त्याच कागदावर तपासून घ्यावी.

चांगला जमलेला मास्क जपून ठेवण्यासारखा असतो. तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवू नये. पीव्हीसीतले मऊपणा आणणारे द्रव्य टोनर ओढून घेते, आणि उन्हाळ्यात कपाट तापले की फोल्डर उघडताना अर्धे रेखांकन त्यालाच चिकटून येते. जुन्या रजिस्टरच्या दोन पानांमध्ये बटर पेपर घालून मास्क ठेवावा, आणि पट्टीच्या चाचणीत मिळालेले दोन्ही आकडे, तारीख आणि दिव्याचे अंतर त्याच्या कडेला लिहून ठेवावे.